गुंतवणूक, वाचकांचे प्रश्न : परदेशातील माहिती सेबीपर्यंत कशी येते?

परदेशी निधी आणि त्यांची भारतीय बाजारातील गुंतवणूक यांवर या सदरात मजकूर आल्यानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच आहे. पैसा क्षणात देशाबाहेर जातो आणि क्षणात परत येतो, मग त्यावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीला सीमेपलीकडचे काही दिसते का, आणि दिसत असेल तर कोणाच्या मदतीने? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले पत्र सर्वांत उशिरा आले; परंतु त्यातील वाचकाच्या दृष्टीने एकेक दिवस मोलाचा असल्यामुळे ते आधी घेतले आहे.

प्रश्न : मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून निवृत्त झालो आहे. समाजमाध्यमावरील एका गटातून मला एका परदेशी गुंतवणूक कंपनीचे अॅप मिळाले. विदेशी संस्थांसाठी राखीव असलेल्या कोट्यातून आयपीओचे शेअर नक्की मिळतील, असे सांगून त्यांनी दर वेळी वेगळ्या भारतीय बँक खात्यात पैसे भरायला लावले. अॅपवर मोठा नफा दिसतो. पण तो काढायचा म्हटले की आधी कर भरा, असे उत्तर येते. कंपनी परदेशात नोंदलेली असल्याचे प्रमाणपत्रही त्यांनी पाठवले आहे. सेबीचे तेथील नियामकाशी करार असतील, तर सेबीमार्फत माझे पैसे परत मिळतील का? (सातपूर)

उत्तर : तो ‘कर’ कृपया भरू नका. शेअरच्या नफ्यावरचा कर कोणत्याही खऱ्या व्यवहारात अनोळखी माणसाच्या खात्यात आगाऊ भरायचा नसतो. आपण अजून तक्रार केली नसेल, तर हे वाचून होताच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, ज्या बँकेतून पैसे गेले त्या बँकेला लेखी कळवा आणि नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात सर्व व्यवहारांचे क्रमांक, पडद्यावरील चित्रे आणि त्या गटातील संदेश घेऊन जा. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात वेगाने हलवले जातात आणि ते कुठल्या तरी खात्यात शिल्लक असेपर्यंतच गोठवता येतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. नियामकांमधील करार हे माहितीच्या देवाणघेवाणीचे करार असतात, वसुलीचे नसतात. त्या देशात अशी कंपनी परवानाधारक आहे का, हे सेबी तेथील नियामकाला विचारू शकेल. अशा प्रकरणांत ‘या नावाला आम्ही परवाना दिलेला नाही’ किंवा ‘नाव खरे आहे, पण ते दुसऱ्याने चोरून वापरले आहे’ असेच उत्तर सहसा येते. तपासाला त्याचा उपयोग होतो. आपल्या खात्यात त्यामुळे रुपयाही येत नाही. गुन्ह्याचा पैसा खरोखरच परदेशात पोहोचला असेल, तर त्याचा पाठपुरावा पोलीस, न्यायालय आणि केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत चालणाऱ्या परस्पर कायदेशीर साहाय्याच्या मार्गाने होतो, आणि तो वेगळा व बराच लांबचा मार्ग आहे. आपले पैसे मात्र भारतातीलच खात्यांत गेले आहेत, म्हणजे माग काढण्याची सुरुवात येथूनच करता येते. म्हणूनच मी सेबीच्या आधी पोलिसांचे आणि बँकेचे नाव घेतले.

जे वाचक अद्याप अशा जाळ्यात सापडलेले नाहीत, त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगतो. विदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदारांच्या नावाखाली निवासी भारतीयांना शेअर मिळवून देण्याची कोणतीही सोय अस्तित्वात नाही, असा जाहीर इशारा सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. दुसरे, ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले खास यूपीआय पत्ते सुरू झाले आहेत. पैसे पाठवण्याआधी तो शब्द आहे की नाही ते पाहावे. तिसरे, निरनिराळ्या देशांच्या नियामकांनी बेकायदा म्हणून जाहीर केलेल्या कंपन्यांची नावे एका ठिकाणी शोधता येतील अशी ‘आय-स्कॅन’ नावाची यंत्रणा नियामकांच्या जागतिक संघटनेने २०२५ मध्ये सुरू केली असून ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. मात्र एखादे नाव त्या यादीत नाही, एवढ्यावरून ती कंपनी खरी ठरत नाही, कारण ही मंडळी नावे फार लवकर बदलतात.

प्रश्न : मी सनदी लेखापालाची परीक्षा देत असून सध्या एका कार्यालयात उमेदवारी करत आहे. सेबीच्या आदेशांमध्ये ‘परदेशी नियामकाकडून माहिती प्राप्त झाली’ असे वाक्य वारंवार येते. ही माहिती नेमक्या कोणत्या आधारावर मागितली जाते? आणि तो आधार कायद्याचा असतो की केवळ सौजन्याचा? (कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो.

रोखे बाजारांच्या नियामकांची जागतिक संघटना ‘आयॉस्को’ या नावाने ओळखली जाते. तिची सुरुवात अमेरिका खंडातील देशांपुरत्या असलेल्या एका संघटनेतून झाली. १९८३ मध्ये इक्वाडोरमधील क्विटो येथे तिला जागतिक रूप देण्याचा निर्णय झाला. आज तिचे मुख्यालय माद्रिदला आहे आणि जगातील ९५ टक्क्यांहून अधिक रोखे बाजार तिच्या सदस्यांच्या अखत्यारीत येतात. आरंभीची अनेक वर्षे नियामक दोघादोघांत सामंजस्य करार करत असत. सेबीने अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनशी असा करार १९९८ मध्ये केला. पण शंभर देशांनी एकमेकांशी स्वतंत्र करार करायचे ठरवले, तर करारांची संख्या हजारोंवर जाईल आणि प्रत्येकातील अटी निराळ्या असतील. सप्टेंबर २००१ मधील अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर ही उणीव तीव्रतेने जाणवली, आयॉस्कोने खास गट नेमला आणि मे २००२ मध्ये बहुपक्षीय सामंजस्य करार तयार झाला. सेबीने त्यावर एप्रिल २००३ मध्ये स्वाक्षरी केली. आता स्वाक्षरी करणारे नियामक १२० हून अधिक आहेत.

त्या करारान्वये जे मागता येते ते तपासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. रोख्यांचा आणि डेरिव्हेटिव्हचा (शेअर वा निर्देशांकाच्या भावावर आधारलेल्या कराराचा) एखादा व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा मांडता येईल इतक्या नोंदी, म्हणजे कोणत्या वेळी, कोणत्या भावाने, किती खरेदी वा विक्री झाली, कोणत्या ब्रोकरमार्फत झाली, त्यासाठी बँकेच्या कोणत्या खात्यातून पैसा आला आणि विक्रीनंतर तो कोठे गेला, तसेच त्या खात्यामागचा खरा मालक व नियंत्रक कोण, हे सर्व विचारता येते. संबंधित व्यक्तीचा जबाबही मागता येतो. दोन तरतुदी तर मला कराराचा कणाच वाटतात. पहिली अशी की, देशातील बँक-गोपनीयतेच्या कायद्याकडे बोट दाखवून माहिती नाकारता येत नाही. ज्यांच्या कायद्यात असा अडसर होता, त्यांना आधी कायदा बदलावा लागला आणि मगच स्वाक्षरी करता आली. दुसरी अशी की, जे कृत्य भारतात गैरव्यवहार ठरते ते त्या देशात गैरव्यवहार ठरत नसले, तरी तेवढ्या कारणावरून मदत नाकारता येत नाही.

विनंती लेखी करावी लागते. काय घडले, कोणत्या कायद्याचा भंग झाल्याचा संशय आहे, कोणती माहिती हवी, ती कोणाकडे असण्याची शक्यता आहे आणि कशासाठी वापरली जाईल, हे सर्व तिच्यात लिहावे लागते. ‘तुमच्याकडे या माणसाविषयी जे असेल ते द्या’ अशी मोघम मागणी चालत नाही. मिळालेली माहिती गोपनीय ठेवावी लागते आणि ती विनंतीत लिहिलेल्या हेतूसाठी व करारात मान्य असलेल्या कार्यवाहीसाठीच वापरता येते. त्यात नियामकाची चौकशी, दिवाणी वा प्रशासकीय कारवाई आणि फौजदारी खटल्याला साहाय्य यांचा समावेश होतो.

राहिला कायदा की सौजन्य हा प्रश्न. बहुपक्षीय करार स्वतः कोणत्याही देशावर कायदेशीर बंधन निर्माण करत नाही आणि देशाच्या कायद्याच्या वरही जात नाही. माहिती गोळा करून बाहेर देण्याचा अधिकार प्रत्येक नियामकाला त्याच्या स्वतःच्या कायद्यातून मिळावा लागतो. सेबीच्या बाबतीत तो सेबी अधिनियम, १९९२ च्या कलम ११ मध्ये २०१४ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत आला आणि ६ मार्च १९९८ पासून लागू असल्याचे मानण्यात आले. त्यानुसार समान स्वरूपाचे काम करणाऱ्या देशातील वा परदेशातील प्राधिकरणाकडून सेबी माहिती मागवू शकते आणि त्यांना देऊ शकते; परदेशी प्राधिकरणाला माहिती देण्यासाठी करार करायचा असेल, तर केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. म्हणजे सौजन्याला दोन्ही टोकांना कायद्याचा आधार असतो.

२०१६ मध्ये आयॉस्कोने याच कराराची अधिक व्यापक आवृत्ती काढली. लेखापरीक्षकाची कामाची कागदपत्रे, व्यक्तीला जबाबासाठी हजर राहण्याची सक्ती, मालमत्ता गोठवण्याबाबत साहाय्य, इंटरनेट सेवा देणाऱ्यांकडील नोंदी आणि दूरध्वनीच्या नोंदी या पाच गोष्टींचा तिच्यात समावेश आहे. आजचा गैरव्यवहार संदेशांतून आणि संगणकाच्या पत्त्यांतून चालतो; त्यामुळे दलालाच्या वहीपुरते थांबलेले सहकार्य अपुरे पडणारच. या नव्या आवृत्तीवर स्वाक्षरी करणारे नियामक मूळ कराराच्या तुलनेत बरेच कमी आहेत, कारण तिच्यासाठी लागणारे अधिकार द्यायला अनेक देशांचे कायदे अजून तयार नाहीत.

प्रश्न : इतके करार असूनही विदेशी निधींमागचे खरे मालक सापडत का नाहीत? सामान्य माणसाला पॅन, आधार, मोबाइल सगळे जोडावे लागते, आणि मॉरिशसच्या किंवा केमनच्या निधीला कोणी विचारत नाही, ही भावना माझ्यासारख्या छोट्या गुंतवणूकदारांत खोलवर आहे. (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : ही भावना मी समजू शकतो, आणि ती पूर्णपणे निराधार आहे असे म्हणणार नाही. मात्र विचारले जात नाही, हे विधान बरोबर नाही. विचारले जाते, पण ज्या देशाला विचारले त्याच्या स्वतःच्या दप्तरीच उत्तर नसेल, तर करार असूनही ते मिळत नाही. निधीत ठरावीक टक्केवारीपेक्षा जास्त हिस्सा असलेल्या व्यक्तीची नोंद ठेवायची, असा नियम जगभर प्रचलित आहे. हिस्से त्या मर्यादेखाली विभागले किंवा एका देशातील कंपनीची मालकी दुसऱ्या देशातील न्यासाकडे आणि त्या न्यासाचा कारभार तिसऱ्या देशातील व्यवस्थापकाकडे ठेवला, की प्रत्येक नियामक आपल्यापुरते प्रामाणिक उत्तर देतो आणि तरीही शेवटचा माणूस दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सप्रे समितीच्या मे २०२३ मधील अहवालात अशाच १३ परदेशी संस्थांचा उल्लेख होता. सेबीने अनेक देशांतून माहिती मागवूनही त्यांच्यामागच्या अंतिम मालकांपर्यंत तिला पोहोचता आले नव्हते.

त्यानंतर सेबीने जो मार्ग धरला तो मला योग्य वाटतो. परदेशातील उत्तराची वाट पाहण्याऐवजी तिने बाजारात येण्याच्या दाराशीच प्रश्न विचारायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने, ज्या विदेशी गुंतवणूकदाराची भारतातील शेअर गुंतवणूक निम्म्याहून अधिक एकाच उद्योगसमूहात आहे किंवा एकूण गुंतवणूक २५,००० कोटी रुपयांपेक्षा जास्त आहे, त्याने कोणत्याही किमान टक्केवारीचा आडोसा न घेता प्रत्येक हितधारकाची माहिती प्रत्यक्ष व्यक्तीपर्यंत द्यावी, असे बंधन आले. काही वर्गांना त्यातून सूट आहे. २०२५ मध्ये दुसरी मर्यादा ५०,००० कोटींवर नेण्यात आली. बाजाराचा आकार वाढला, हे त्याचे कारण सांगितले गेले. छोट्या गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहता ती २५,००० कोटींवरच राहिली असती तर मला अधिक बरे वाटले असते.

सहकार्य फळाला आल्याचे उदाहरणही सांगणे न्यायाचे होईल. काही भारतीय कंपन्यांनी परदेशात जीडीआर (भारतीय शेअरच्या आधारावर परदेशात विकल्या जाणाऱ्या पावत्या) विकून भांडवल उभारल्याचे आपल्या शेअर बाजारांना कळवले होते. प्रत्यक्षात ते जीडीआर घेणाऱ्या परदेशी संस्थेला त्यासाठी युरोपातील बँकेने कर्ज दिले होते आणि त्या कर्जाला तारण म्हणून त्याच भारतीय कंपनीने जीडीआरमधून आलेली रक्कम त्याच बँकेत अडकवून ठेवली होती. परदेशात पैसा खराखुरा उभा राहिलाच नव्हता. पुढे त्या जीडीआरचे शेअरमध्ये रूपांतर करून ते भारतात विकले गेले आणि तोटा येथील खरेदीदारांच्या पदरी पडला. कर्जाचा करार आणि तारणाचा करार ही दोन कागदपत्रे परदेशी बँकेत होती आणि भारतातील कोणत्याही नोंदीत त्यांचा मागमूस नव्हता. ती परदेशी नियामकांमार्फत हाती आली, तेव्हा व्यवहाराचे खरे रूप उघड झाले. परदेशातील जीडीआरबाबत कारवाई करण्याचा सेबीला अधिकार आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रोखे अपील न्यायाधिकरणाने सेबीच्या विरोधात दिलेला निर्णय फिरवून सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये ठरवले की, कृत्य परदेशात घडले असले तरी त्याचा परिणाम भारतीय गुंतवणूकदारांवर होत असेल, तर सेबी कारवाई करू शकते. अधिकार या निकालाने पक्का झाला. पण हातात पुरावा नसता, तर तो अधिकार वापरता आलाच नसता.

प्रश्न : परदेशी नियामकाला आपण नकार देऊ शकतो का? युरोपने भारतीय क्लिअरिंग संस्थांची मान्यता काढून घेतल्याचे वाचले होते. तो अशाच नकाराचा परिणाम होता का? (बँक कर्मचारी, नाशिक रोड)

उत्तर : होय, नकाराची कारणे बहुपक्षीय करारातच दिली आहेत : देशाच्या कायद्याचा भंग होणार असेल, त्याच तथ्यांवर त्याच व्यक्तीविरुद्ध येथे फौजदारी कार्यवाही सुरू झाली असेल, विनंती कराराच्या चौकटीत बसत नसेल, किंवा सार्वजनिक वा महत्त्वाच्या राष्ट्रीय हिताला बाधा येत असेल. नकार देताना कारणे कळवावी लागतात.

आपण म्हणता तो युरोपचा वाद मात्र एखाद्या गैरव्यवहाराच्या तपासाशी संबंधित नव्हता; तो दैनंदिन देखरेखीचा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय रोखे बाजार प्राधिकरणाने सहा भारतीय क्लिअरिंग संस्थांची (बाजारातील सौदे पुरे होण्याची हमी घेणाऱ्या संस्थांची) मान्यता ३० एप्रिल २०२३ पासून मागे घेण्याचे जाहीर केले, कारण त्यांच्या कायद्याला हवी तशी सहकार्याची व्यवस्था रिझर्व्ह बँक, सेबी आणि गिफ्ट सिटी या गुजरातमधील आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्राचे प्राधिकरण यांच्याशी झाली नव्हती. भारतीय संस्थांची परदेशी प्राधिकरणाने थेट तपासणी करावी का, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. दिंडोरी-निफाडची द्राक्षे युरोपात जातात तेव्हा तेथील अधिकारी बागेत येऊन घड तपासत नाही. भारतातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा औषधांच्या अंशाचा अहवाल स्वीकारला जातो, कारण त्यामागच्या व्यवस्थेची खात्री आधीच करून घेतलेली असते. क्लिअरिंग संस्थांबाबतही यजमान देशाच्या नियामकावर विसंबणे हाच समंजस मार्ग आहे, असे माझे मत आहे. रिझर्व्ह बँक आणि बँक ऑफ इंग्लंड यांनी डिसेंबर २०२३ मध्ये केलेला सामंजस्य करार याच धर्तीवर आहे : ब्रिटनची मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीवर भिस्त ठेवते आणि आपल्या देशाच्या वित्तीय स्थैर्यासाठी लागणारी माहिती मागते.

प्रश्न : मी मोबाइल अॅपवरून अमेरिकी कंपन्यांचे थोडे शेअर घेतले आहेत. माझे व्यवहार या करारांमुळे सेबीला आपोआप कळतात का? आणि तेथील ब्रोकर बुडाला तर तक्रार कोणाकडे करायची? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : आपोआप कळत नाहीत. वर सांगितल्याप्रमाणे ठरावीक तपासासाठी ठरावीक विनंती करावी लागते. सर्वसामान्य खातेदारांच्या याद्या नियामक एकमेकांना पाठवत नाहीत. करखात्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि येथे अनेक जण गोंधळतात. भारत-अमेरिका यांच्यातील २०१५ च्या फॅटका करारामुळे (खात्यांची माहिती करखात्यांनी एकमेकांना देण्याच्या करारामुळे) खात्यांतील उत्पन्नाची माहिती आयकर विभागाकडे येऊ शकते. म्हणून विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट, शेअर एकच असला तरी, भरावे. ते न भरल्यास काळा पैसा अधिनियम, २०१५ खाली १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सवलत मिळाली आहे. परंतु दंड नाही म्हणजे माहिती द्यायची नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

तेथील ब्रोकरवर अमेरिकी नियामकांचा अंमल चालतो, त्यामुळे तक्रारही तिकडेच करावी लागते. सेबीची स्कोर्स ही तक्रार-व्यवस्था तेथे उपयोगी पडत नाही. अमेरिकी ब्रोकर दिवाळखोरीत गेला आणि ग्राहकांचे शेअर वा पैसे गहाळ झाले, तर ‘एसआयपीसी’ नावाची संस्था ५ लाख डॉलरपर्यंत संरक्षण देते आणि त्यात रोख रकमेची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. भाव पडून झालेला तोटा त्यात येत नाही. आपले अॅप कोणत्या अमेरिकी ब्रोकरमार्फत व्यवहार करते आणि तो या संस्थेचा सदस्य आहे का, एवढे एकदा तपासून ठेवावे.

प्रश्न : गिफ्ट निफ्टीवर सेबीची देखरेख असते का? (सिन्नर)

उत्तर : नाही. सिंगापूरला चालणारे निफ्टीचे वायदे (निर्देशांकाच्या पुढील तारखेच्या भावावरचे करार) ३ जुलै २०२३ पासून गिफ्ट निफ्टी या नावाने गिफ्ट सिटीतील शेअर बाजारात आले. तेथील व्यवहारांवर २०२० मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र प्राधिकरण देखरेख करते आणि त्याचे परदेशी नियामकांशी स्वतःचे करार आहेत. निफ्टीतील मूळ शेअर मात्र सेबीच्या अखत्यारीत राहतात. म्हणजे एकाच निर्देशांकावर गिफ्ट सिटीत आणि मुंबईत एकाच वेळी संशयास्पद व्यवहार झाले, तर या दोन भारतीय नियामकांनाही एकमेकांकडे माहिती मागावी लागते. हे वायदे प्रामुख्याने परदेशी आणि अनिवासी गुंतवणूकदारांसाठी आहेत. सिन्नरमध्ये किंवा नाशिकमध्ये कोणी निवासी गुंतवणूकदाराला त्यांचे खाते उघडून देण्याची तयारी दाखवत असेल, तर त्याच्याकडे कोणता परवाना आहे, हे आधी लेखी मागून घ्यावे.